समोरची खुर्ची

इवानोवो, २७ फेब्रुवारी १९९८

प्रिय वेनिया,

तुझी फाईनामामी चुलीपाशी उभी राहून मास्लेनित्साच्या सणाची घावनं काढते आहे, आणि मी एका हातात घावन, दुसऱ्या हातात पेन अशी कसरत करतो आहे. कागदावर लोण्याचा डाग दिसला तर तो मायेचा समज.

आधी भांडण, मग बातमी. तुझ्या होस्टेलवर मी तीनदा फोन केला. चौकीदारीण दर वेळी "बोलावते" म्हणून जाते आणि परत येऊन सांगते, तो म्हणतो पत्र लिहा. अरे, मी काय लग्नाची मागणी घालायला फोन करतो? खोलीत कोणी बाई असेल तर तसं स्पष्ट सांग, मामाला जग ठाऊक आहे. लाइन खराब होती हे मान्य. हल्ली सगळ्या लाइनी खराब झाल्यात, आणि तुझी मामीसुद्धा पुटपुटायला लागली आहे.

आता बातमी. 'लाल धोटा' गिरणीचं साचेखातं क्रमांक तीन, म्हणजे कापड विणायच्या मागांचं, मी भाड्याने घेतलं. हो, तेच. जिथे तुझी आई, माझी झोया, उभ्या उभ्या म्हातारी झाली, आणि जिथे तुला शाळा सुटल्याबरोबर मी पाना धरायला शिकवला. गिरणी बंद पडून चार वर्षं झाली. आता मॉस्कोच्या एका पोराने ती विकत घेतली आहे, नाव एदुआर्द लेओनीदोविच, टाय लावतो. त्याला भिंती हव्यात, आत बाजार भरवायचाय, तुर्की माल विकायला. साचे त्याला भंगारवाल्याला घालायचेत. मी त्याच्या टेबलासमोर बसलो आणि उठलोच नाही. शेवटी कंटाळून म्हणाला, एक सप्टेंबरला इथले चाळीसही साचे कापड विणताना दिसले तर खातं तुमचं, नाही तर दोन तारखेला साचे कापायला कटर आणतो.

माझ्या शिवणखात्यात अकरा बायका चादरी आणि अभ्रे शिवतात हे तुला माहीत आहे. पण कापड दुसऱ्याचं, म्हणजे जीव दुसऱ्याच्या हातात. स्वतःचं कापड विणलं तर मी माणूस, नाही तर शिंपी.

विणकरणी मिळतील. साचे जुळवणारा जॉबर मिळत नाही. शहरातले जॉबर मेले, प्यायला लागले, नाही तर बाजारात स्वेटर विकतात. उरलो मी, आणि माझे गुडघे आता साच्याखाली शिरत नाहीत. तेव्हा तू ये. उत्तरेचा जास्तीचा पगार पुष्कळ खाल्लास.

आणि बायको. पस्तिशी झाली तुझी. आपल्या गावाला नवऱ्यांचा दुष्काळ का आहे ते तुला ठाऊकच आहे. सरकारने गिरण्यांवर गिरण्या बांधल्या, खेड्याखेड्यांतून पोरी आणून साच्यांवर उभ्या केल्या, आणि पोरगे आणायचे विसरले. आठवण झाली तेव्हा पुरुषांसाठी क्रेनचा कारखाना काढला, तोवर निम्म्या पोरी आज्या व्हायच्या वयाला आल्या होत्या. तुझ्यासारखा दात शाबूत असलेला माणूस स्टेशनवर उतरला तर बँड लागेल.

तुझा मामा,
सावेली


सेवेर्नी वस्ती, मुर्मान्स्क प्रांत, १८ मार्च १९९८

प्रिय मामा,

लोण्याचा डाग पोचला. इथे अजून उणे वीस आहे, तेव्हा डाग ताजा राहिला.

खोलीत बाई नाही. होस्टेलचा फोन चौकीदारणीच्या खोलीत आहे आणि तिथे कायम रांग असते. मागचा माणूस खांद्यावर हनुवटी ठेवून उभा. त्यापेक्षा पत्र बरं, पत्रात माणूस वाक्य पुरं करतो.

तुझ्या धाडसाला सलाम. पण माझा भरवसा धरू नकोस. मी दगड फोडणाऱ्या यंत्रावरचा माणूस. पर्वत आत टाकायचा, वाळू बाहेर काढायची, असलं ते काम. साच्याला हात लावून पंधरा-सोळा वर्षं झाली. बरं, तू शिकवलंस ते सगळं कानाचं शिक्षण होतं. खात्याच्या दारात उभा राहायचास, डोळे मिटायचास आणि म्हणायचास, "खिडकीपासून तिसरा लंगडतोय, जा." मी जायचो आणि तो खरोखर लंगडत असायचा. ते मला आता जमणार नाही. तुला कानाचा माणूस हवा, आणि तो मी नाही.

इथलं बरं चाललं आहे. यंत्रावरून काढून सध्या मला गोदामात बसवलंय, बढतीच म्हण. उन्हाळ्यापर्यंत तिथेच. पुढे काय ते अजून सांगितलेलं नाही, पण होस्टेलच्या खोल्या रिकाम्या करायच्या आहेत अशी हवा आहे.

मामीला सांग, तिच्या घावनांची आठवण येते. इथे मिळतात ती बुटाच्या तळव्याला लावण्यासारखी असतात.

वेनिया

ता. क. : बँडचं काय ते आधी नक्की कर.


इवानोवो, ९ एप्रिल १९९८

वेनिया,

बढती मिळालेल्या माणसाला खोली रिकामी करायला सांगतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं. काहीतरी शिजतंय, पण तू सांगणार नाहीस, झोयाचाच मुलगा. असो.

कानाची काळजी सोड. गंज आठ दिवसांत उतरतो, आणि तोवर माझे कान उसने घे. वयाच्या साठीतही माझे कान असे आहेत की साच्याच्या पुढच्या दांड्यावर तळवा टेकला, डोळे मिटले, की आतल्या पट्ट्याला चीर गेली का तेसुद्धा मला ऐकू येतं. फक्त पाखरांचं काही कळत नाही. मामी म्हणते साळुंक्या परत आल्या, अंगणात गोंधळ घालतायत. मला तर एकही ऐकू आली नाही. पाखरांनीही गाव सोडलेलं दिसतंय.

खात्यात वीज घेतली. विणकरणी जमवायला क्लावदिया निकान्द्रोव्नाला पेन्शनीतून उठवून आणलं. आठवते ना? तुझ्या आईच्या समोरच्या रांगेतली, जिच्याशी नजर भिडवायला मास्तरही घाबरायचे. तिने खात्यात पाऊल ठेवलं, साच्यावरची धूळ बोटावर घेतली, माझ्या तोंडासमोर धरली आणि म्हणाली, "सावेली, हे तू मला दाखवायला बोलावलंस?" दुसऱ्या दिवशी सहा बायका घेऊन आली. एदुआर्द टाय सावरत बघायला आला होता. म्हणतो, आजोबा, तुम्ही म्युझियम काढताय का? मी त्याला सुश्कोवची गोष्ट सांगितली. ज्याने ही गिरणी उभारली तो म्हातारा काउंटचा भूदास होता. स्वतः दुसऱ्याच्या मालकीचा, आणि हाताखाली शंभरभर माणसं छिटं छापायला. काउंटला भेटायला जाताना फाटकी कोट-टोपी घालून जायचा, की नजर लागू नये. शेवटी स्वतःला स्वतःच विकत घेतलं त्याने. त्याच्या नातवाला कामगारांनी तालका नदीकाठी सभा भरवून घाम फोडला, मग क्रांती झाली, गिरणी लाल झाली, उझबेकी कापसाच्या रेल्वे-वाघिणी यायला लागल्या. मग देश फुटला, कापूस सरहद्दीपलीकडे राहिला आणि साचे थांबले. "आता तुमची पाळी," मी म्हणालो. "ही गिरणी दर मालकाला काहीतरी शिकवते." तो म्हणाला, कटर बुक करून ठेवलाय.

आता तुझ्या कामाचं. क्लावदियाला एक मुलगी आहे, ताईसिया. तेहतीस-चौतीस, नवरा होता, तो समारातल्या कुठल्याशा बाईकडे वास्तव्याला आहे, मूल नाही. आईसारखीच विणकरीण, पण आईसारखी जीभ नाही. निदान मी तरी तिला फारसं बोलताना ऐकलेलं नाही. मे महिन्याच्या सुट्टीत ये. साचे बघ, चहा पी. आवडलं नाही तर परत जा, तिकीट माझं.

सावेली


(तार. सेवेर्नी, ३० एप्रिल)

आठला पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस. बँड नको. वेनिया


इवानोवो, १५ मे १९९८

वेनियामिन,

पूर्ण नावाने लिहिलं म्हणजे काय ते समजून घे.

चहाच्या टेबलावरून उठून, कोट घेऊन, माणूस स्टेशनवर निघून जातो, हे मी आयुष्यात बघितलं नव्हतं. क्लावदियाने कोबीचं सारण भरून पिरोग भाजून आणला होता. ताईसियाने केस धुतले होते. आपण दारूला हातही लावला नव्हता, म्हणजे तेही कारण नाही. मी तुझ्याविषयी चांगलं सांगत होतो. मामी म्हणते, मी फार मोठ्याने सांगत होतो, पण पाहुण्याचं कौतुक कुजबुजत करतात का? मी बाकावर दोघींच्या शेजारी बसलो होतो, तू समोर एकटा. माझ्या बाजूला दोघी अगदी गप्प. एक शब्द तोंडातून काढला नाही, माझ्याकडे मान वळवली नाही. नुसत्या तुझ्याकडे बघत होत्या आणि तू त्यांच्याकडे. आधी तू हसलास. कारण नसताना. मी तेव्हा तुझ्या आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत होतो. मग तू लाल झालास. मग उठलास. "माफ करा," म्हणालास आणि गेलास. दोन बाया तोंड शिवून बसल्यात आणि पुरुष लाजून पळतो, हे लग्न जमवणं म्हणायचं की कोल्ह्याची शिकार?

आणि त्याआधी खात्यात. मी दोन साचे चालू करून दिले आणि विचारलं, कोणता लंगडतोय? तू वासरासारखा माझ्या तोंडाकडे बघत राहिलास. मग उत्तर न देता साच्याखाली शिरलास आणि जेवणाची हाक मारली तरी बाहेर आला नाहीस. लंगड्याच साच्याखाली शिरलास हे मान्य. पण माणसाने हाकेला ओ द्यावी.

मामी म्हणते, तीन दिवस घरात टीव्ही इतक्या मोठ्याने चालू होता की शेजारी भिंतीवर चप्पल मारत होते. पाहुणा आहे, म्हटलं, मोठ्याने आवडत असेल.

उत्तरेने तुला माणसांतून उठवलं आहे. पंधरा साचे चालू झाले, पंचवीस बाकी. गुडघ्याला पट्टा बांधून मी स्वतः खाली शिरतो. शिरता येतं, निघताना क्लावदिया पाय ओढते.

सावेली येफिमोविच


सेवेर्नी, २८ मे १९९८

मामा,

रागव. तुझ्या जागी मी असतो तर मीही रागावलो असतो.

आता सांगतो, आणि पत्रातच सांगू शकतो. मला ऐकू येत नाही. उजवा कान पूर्ण गेला, डावा नावापुरता. दगड फोडायच्या यंत्राने खाल्ले, इतकी वर्षं थोडे थोडे करून. म्हणून गोदाम. म्हणून फोनवर येत नाही. रांगबिंग काही नसते, चौकीदारीण बिचारी दिवसभर मासिक वाचत बसते. डॉक्टरांच्या मंडळाने कागद दिला आहे, जुलैत मला अपंग म्हणून कामावरून कमी करणार. खोली जाणार. पुढे कुठे जायचं ते मला माहीत नाही, आणि ते तुला कळू नये म्हणून मी इतके दिवस विनोद करत होतो.

तुझ्याकडे का आलो? साचे बघावेसे वाटले. आणि खोटं कशाला बोलू, बघू तरी, म्हटलं.

चहाला काय झालं ते ऐक. तुझ्या शेजारच्या दोघी गप्प नव्हत्या. अखंड बोलत होत्या, पण साच्यांच्या गडगडाटात बायका बोलतात तसं, नुसत्या ओठांनी. तू त्यांच्याच रांगेत बसलेला, तुला ओठ कसे दिसणार? मी समोर. मी ती बोली आईच्या शिव्यांतून शिकलो, खात्याच्या दुसऱ्या टोकावरून ती मला ओठांनीच रागवायची. आधी क्लावदिया म्हणाली, "नाक बापाचं आहे, पीतही असेल." ताईसिया म्हणाली, "हात चांगले आहेत." "साच्याला चांगले आहेत, तुला हातांचं काय करायचंय?" "आई, तू पिरोग खा." तेव्हा मी हसलो. मग ताईसिया म्हणाली, "तो सावेलीचं काहीच ऐकत नाहीये. त्याला ऐकूच येत नाही गं." ते वाचलं आणि मी उठलो. तिने पाच मिनिटांत ओळखलं. माझ्या होस्टेलातल्या लोकांना दोन वर्षं लागली.

साच्याखाली बरं वाटलं, ते मात्र खरं. पण बहिरा जॉबर कशाला हवा तुला? दुसरा शोध, वेळ आहे तोवर. खातं वाचव.

आणि मामा, टीव्ही मी वाढवला नव्हता. मला तो चालू काय, बंद काय. मला वाटलं, तुला तसाच आवडतो.

वेनिया


इवानोवो, ८ जून १९९८

वेनिया बाळा,

तुझं पत्र वाचलं. मामीने दोनदा वाचलं आणि दोनदा नाक शिंकरलं. दोन वर्षं मला सांगितलं नाहीस म्हणून माझा राग तसाच आहे, पण तो आता निराळ्या जागी ठेवला आहे.

मग खात्यात गेलो, क्लावदियासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या टेबलावर, माझ्या पाहुण्याबद्दल, माझ्या शेजारी बसून? ती म्हणाली, "तू मध्ये बोलायला जागाच ठेवत नव्हतास."

ऐक, हिशेब साधा आहे. हात आणि गुडघे तुझे, कान माझे. दारात मी उभा राहीन, बोट दाखवीन, तू खाली शिरशील. दोघांत मिळून एक धडधाकट जॉबर होतो. ऐकू येणारे पुष्कळ बघितले, ते स्वेटर विकतायत. वीस साचे चालू आहेत. अर्ध्यात अडकलोय. मला तू हवास, आणि हे मी दयेपोटी लिहीत नाही, दया परवडण्याइतका श्रीमंत मी अजून झालेलो नाही. खोली आहे. गादीवर आपली स्वतःची चादर आहे.

ताईसियाने एक चिठ्ठी दिली आहे, पिठाची खळ लावून बंद केलेली. मी वाचलेली नाही. उजेडासमोर धरली होती, काही दिसलं नाही.

तुझा मामा

(सोबतची चिठ्ठी)

वेनियामिन पेत्रोविच,

त्या दिवशी मी बोलले ते तुम्हाला दिसेल हे मला माहीत नव्हतं. बाहेरगावचा माणूस समजले. चूक झाली. पण बोलले ते दया म्हणून नव्हे. नुसतं निदान होतं, जसं धागा तुटला की तुटला म्हणतो.

आमच्या खात्यात ऐकतं कोण? आई सन एक्क्याऐंशीपासून ऐकत नाही. शेजारच्या साच्यावरची ल्युबा ऐकत नाही. मी उजवीकडून ऐकते, डावीकडून अंदाज करते. घरी आम्ही मायलेकी दिवा लावल्याशिवाय भांडू शकत नाही. इथे कोणी कोणाला 'काय?' म्हणून विचारत नाही, समोर येऊन उभं राहतं, बस्स.

आता एक गोष्ट सांगते, ती तुमच्यापाशी ठेवा. तुमच्या मामांना ऐकू येत नाही. निदान पाच-सहा वर्षं. आम्ही सगळ्या जाणतो, त्यांना कोणी सांगितलेलं नाही. ते दांड्यावर तळवा ठेवतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, ऐकू आलं. ऐकू काय येणार? हाताला कळतं. त्यांचा हातच तेवढा शहाणा आहे, कानांना उगाच मान मिळतो. तुम्ही त्या दिवशी दांड्याला हात लावलात आणि बरोबर साच्याखाली शिरलात. मी बघत होते.

तेव्हा मामांनी लिहिलं असेल की कान माझे आणि हात तुझे, तर समजून घ्या. दोन्ही तुम्हालाच आणावे लागतील, आणि ते तुमच्यापाशी आहेत.

पीत असाल तर मात्र येऊ नका.

ताईसिया


(तार. सेवेर्नी, २२ जून)

पीत नाही. येतो. सामानासकट. वेनिया


इवानोवो, २ सप्टेंबर १९९८

प्रिय मामा,

तू उझबेकिस्तानात फरगानाला सूत आणायला गेलास त्याला महिना होत आला. तू वाघीण भरून पाठवलेल्या चादरींच्या बदल्यात सूत मिळेल यावर इथे मामीखेरीज कोणाचाच विश्वास नव्हता. पहिली वाघीण वीस ऑगस्टला पोचली. त्याच आठवड्यात रूबल कोसळला, ते तिकडेही कळलं असेल. दुकानांसमोर रांगा, साखर गायब. क्लावदियाने आधीच दोन पोती ठेवली होती, ती आता चालताना वेगळीच दिसते.

काल सकाळी एदुआर्द लेओनीदोविच आला. कटरवाल्याला बरोबर घेऊन. चाळीसही साचे चालू होते, मामा. चाळीसावा रविवारी सुरू झाला, खिडकीपासून तिसरा, तोच जुना लंगडा. दांड्यावर हात ठेवून मी त्याच्यापाशी दुपारभर उभा होतो. तू दारात नव्हतास, त्यामुळे बोट दाखवायला कोणी नव्हतं, पण जमलं.

एदुआर्द मधल्या वाटेत उभा राहून काहीतरी बोलत होता. त्या गर्जनेत त्याचं त्यालाच ऐकू येईना. मला त्याचे ओठ दिसत होते, म्हणत होता, हे थांबवा, मला बोलायचंय. कोणी थांबवलं नाही. क्लावदिया त्याच्याकडे बघून गोड हसत होती आणि ओठांनी सगळ्या खात्याला सांगत होती, "याच्या आईने याला उपाशी वाढवलाय, मान बघा, टाय घातलाय की टायने याला धरलंय?" चाळीस साच्यांवर बाया हसतायत, आणि तोही हसला, बिचारा, पाहुणचार समजून. मग त्याने कापड हातात घेतलं. बराच वेळ चोळत उभा राहिला. तुर्की माल आता कोणाला परवडणार नाही, हे त्यालाही सकाळी वर्तमानपत्रातून कळलेलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, भाडं वर्षाचं लिहू की तीन वर्षांचं? मी म्हटलं, मामाला विचारतो. कटरवाल्याने तेवढ्यात दोन पलंगपोस विकत मागितले.

आता दुसरं. मी ताईसियाला विचारलं. बागेत फिरायला नेऊन विचारायचं ठरवलं होतं, पण तिथे अंधार झाला आणि अंधारात आम्हा दोघांनाही काही बोलता येत नाही. म्हणून आज खात्यातच, ती सातव्या साच्यावर, मी विसाव्यापाशी, ओठांनी म्हणालो, "माझ्याशी लग्न करशील?"

इथे एक गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नव्हती. त्या खात्यात गुपित सांगायची सोयच नाही. सगळ्या बाया एकदम तिच्याकडे वळल्या. तिने आधी तुटलेला धागा जोडला, मग मान वर केली आणि म्हणाली, "बटाटे काढून झाल्यावर." तिच्या आईने लगेच विचारलं, "कोणाचे बटाटे?" पुढचा अर्धा तास बटाट्यांवर गेला, पण उत्तर होच होतं.

तारीख दहा ऑक्टोबर धरली आहे. मामी म्हणते, तू तिथून फोन कर, तिला तुझा आवाज ऐकायचाय. गेल्या आठवड्यात तीन वेळा तिने तुझ्या गेस्टहाउसला लावला, आणि तिथला माणूस म्हणतो, साहेब सांगतात पत्र लिहा.

वेनिया


फरगाना, १३ सप्टेंबर १९९८

प्रिय वेनिया,

पत्र पोचलं. चहाखान्यात बसून वाचलं, आणि एवढ्या मोठ्याने हसलो की म्हातारे बुद्धिबळ सोडून बघायला लागले. मोठ्याने हसलो असं त्यांच्या चेहऱ्यांवरून समजलं.

भाडं तीन वर्षांचं लिही. एदुआर्दला फाटकी कोट-टोपी घालून भेट, म्हणजे चार लिहून देईल. दुसरी वाघीण परवा निघते. सौदा कसा झाला ते तोंडी सांगेन, इतकंच सांगतो की सूतवाला आणि त्याचा मेहुणा माझ्यासमोर बसून, मला कळू नये म्हणून अगदी हळू आवाजात आपसांत भाव ठरवत होते, तेही रशियनमध्ये, मेहुणा ताश्कंदचा ना. त्यांना काय ठाऊक, हळू आणि मोठं मला सारखंच. मी त्यांच्या तोंडांकडे बघत होतो. ते कुठवर उतरतील ते त्यांच्याआधी मला माहीत होतं.

इथे मला दिवसभर काम नसतं. बागेत बसतो. कडेला झाडं आहेत, झाडांवर पाखरं आहेत, चोची उघडतात आणि मिटतात. परवा बराच वेळ मी त्यांच्याकडे बघत बसलो होतो. मग उठलो, सूतगिरणीत गेलो, एका चालू यंत्रावर तळवा ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच डोळे मिटले नाहीत. नंतर हात उचलला. मग परत ठेवला. असं दोन-चारदा केलं. गिरणीवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

ताईसियाला सांग, पिठाची खळ फार चांगली लावते. क्लावदियाला काही सांगू नकोस, ती मी न सांगताच वाचील.

तुझ्या मामीला सांग, माझ्यावर रागावू नकोस. गेस्टहाउसचा फोन चौकीदाराच्या खोलीत आहे आणि तिथे कायम रांग असते. मागचा माणूस खांद्यावर हनुवटी ठेवून उभा. त्यापेक्षा पत्र बरं, पत्रात माणूस वाक्य पुरं करतो. ती पुटपुटते असं मी इतकी वर्षं म्हणत आलो, त्याचं काय करायचं ते मी घरी आल्यावर तिच्या समोर उभा राहून करीन.

आठ ऑक्टोबरच्या गाडीने पोचतो. टरबुजं आणतो आहे, स्टेशनवर ये, आणि बँड खुशाल आण, आपल्या दोघांना त्रास नाही.

लग्नाच्या टेबलावर मात्र मला कोणाच्या शेजारी बसवू नका. समोरची खुर्ची माझी. मागच्या वेळी माझं सगळं हुकलं.

तुझा मामा,
सावेली